रडार, ओल आणि जांभ्याची माती

'जमिनीत पेरलेले प्लास्टिकचे सुरुंग मेटल डिटेक्टरला सापडत नाहीत, सरळ जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार वापरावं,' असं काही जण म्हणतात. अर्धंच बरोबर आहे. रडारला दिसतो तो वस्तू आणि माती यांच्यातला विद्युत फरक. हा फरक परावैद्युतांकाने मोजतात, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा. कोरड्या वाळूचा तो 3 ते 5, टीएनटीचा (सुरुंगातल्या स्फोटकाचा) 3 च्या आसपास, म्हणजे प्लास्टिकचा सुरुंग तिथे जवळजवळ विरघळूनच जातो. पाण्याचा 80, म्हणून ओल्या मातीत फरक वाढतो. पण ओलीत चिकणमाती किंवा मीठ असेल तर रडारच्या लहरीच गिळल्या जातात.

रत्नागिरीत पाण्याची लाइन शोधताना हे मी स्वतः पाहिलंय. मे महिन्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) पाइपची कमान रडारच्या पडद्यावर पालथ्या होडीसारखी स्पष्ट उठली. शेजारच्या काजूच्या मुळानेही हुबेहूब तशीच काढली! पुढे किनाऱ्यावर भरतीची ओली रेघ ओलांडली आणि पडदा नुसता करडा.

सुरुंग काढणाऱ्याला अशा प्रत्येक मुळापाशी गुडघे टेकून, सळई तिरकी सरकवत खात्री करावी लागते. म्हणून कंबोडियात मेटल डिटेक्टर आणि रडार एकत्र असलेली हातातली यंत्रं वापरली गेली. प्लास्टिकच्या सुरुंगातही बहुधा एखादी धातूची पिन असतेच. जांभ्यासारख्या लोहयुक्त मातीत डिटेक्टर उगाच वाजतो, तिथे तर ही जोडी हवीच.