केमोरेडिएशननंतर अन्ननलिकेच्या ट्यूमरमध्ये रक्तवाहिन्या वाढलेल्या? मोजणीत काय चुकतंय?

स्लाइडबहाद्दर: अन्ननलिकेचा स्क्वॅमस कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग). उपचार क्रॉस ट्रायलप्रमाणे: ४१.४ ग्रे, २३ फ्रॅक्शन, सोबत दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. आधीची बायोप्सी आणि नंतरचा ऑपरेशनचा नमुना, दोन्हींवर सीडी३४ (वाहिन्यांचं अस्तर तपकिरी रंगवणारा डाग) लावून २०० पटीत हॉटस्पॉट, म्हणजे वाहिन्या सर्वांत दाट असलेल्या जागा, मोजले. काही केसेसमध्ये नंतरचा आकडा आधीपेक्षा जास्त येतोय, तोही ट्यूमर जवळपास संपलेला असताना. हे खरं मानायचं का?

पॅराफिन: बहुधा तुम्ही व्रणाचा तळ मोजलाय. ४० पटीत स्लाइड फिरवताना नजर जिथे तपकिरी दाट दिसतं तिथे जाते, आणि रेडिएशननंतर ती जागा म्हणजे ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरताना तयार होणारी नवी ऊती). तिथल्या वाहिन्या पृष्ठभागाकडे उभ्या, साधारण समांतर धावतात, एंडोथेलियम (वाहिनीचं आतलं अस्तर) फुगीर असतं आणि भोवती न्यूट्रोफिल्स. त्या जखम भरण्याच्या वाहिन्या, ट्यूमरच्या नव्हेत.

म्हणून आधी लगतच्या सेक्शनवर सायटोकेरॅटिन (ट्यूमरच्या पेशी रंगवणारा डाग) लावा, जिवंत ट्यूमर पेशींच्या बेटांवर खुणा करा आणि हॉटस्पॉट त्यांच्या आत किंवा अगदी कडेलाच शोधा. नुसते केरॅटिनचे गोळे आणि भोवती जायंट सेल्स असतील तर तो जिवंत ट्यूमर नाही.

सीडी३४ला स्ट्रोमातल्या स्पिंडल पेशीही रंगतात. त्याऐवजी सीडी३१ हा वाहिन्यांचा दुसरा डाग घेतलात तर मॅक्रोफेज आणि प्लाझ्मा पेशी त्रास देतात. शंका आली की ईआरजी हा तिसरा डाग लावून बघा, एंडोथेलियमचं केंद्रक स्वच्छ उठतं. मोजणी मात्र त्यावर करू नका, एका वाहिनीत केंद्रकं अनेक.

फील्डनंबर: दोन्ही नमुने एकाच मायक्रोस्कोपवर मोजलेत का? २० पटीच्या ऑब्जेक्टिव्हला आयपीसचा फील्ड नंबर २२ असेल तर फील्डचं क्षेत्रफळ ०.९५ चौ. मिमी, १८ असेल तर ०.६४. नुसता 'दर फील्ड' आकडा लिहिला की तिथेच दीडपट फरक पडतो. दर चौ. मिमी लिहा, आणि जोडीचे ब्लॉक एकाच बॅचमध्ये रंगवा.

आणखी एक, हे फार जण चुकतात. क्रॉसमध्ये ४९ टक्के स्क्वॅमस रुग्णांत ट्यूमर पूर्ण गेला होता. अशा केसला 'शून्य' लिहू नका, मोजायला ट्यूमरच नाही. आणि त्या वगळल्या तर हाताशी फक्त कमी प्रतिसादवाले उरतात. प्रतिसादाशी नातं बघायचं तर उपचाराआधीच्या बायोप्सीचा आकडा घ्या आणि तो मँडर्ड ग्रेडशी (उपचारानंतर ट्यूमर किती उरला याची श्रेणी) ताडा. बायोप्सी वरवरची असते, त्यामुळे एका तुकड्यावर विसंबू नका, ट्यूमर असलेले सगळे मोजा.

स्लाइडबहाद्दर: आभार, केरॅटिन लावतो. बायोप्सीत आकडा खूपच जास्त आला तर बेव्हासिझुमॅबचा (नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) विचार करावा, असं रिपोर्टमध्ये सुचवावं का?

केमोकट्टा: अजिबात नको. ब्रिटनच्या एसटी०३ ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या आधी-नंतरच्या केमोसोबत ते दिलं. तीन वर्षांचं जगणं नुसत्या केमोत ५०.३ टक्के, ते जोडल्यावर ४८.१, म्हणजे फायदा नाही. उलट अन्ननलिका-जठर काढलेल्यांत शिवलेला जोड गळण्याचं प्रमाण २४ टक्के, नुसत्या केमोत १०. जोड भरायलाही नव्या वाहिन्या लागतात आणि या औषधाचं अर्धायुष्य सुमारे २० दिवस! शिवाय ते सगळे अॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचे कर्करोग) होते, स्क्वॅमस नव्हेत. त्याच प्रकारच्या रामुसिरुमॅबची या भागातली मान्यताही जठर आणि जठर-अन्ननलिका सांध्याच्या अॅडेनोकार्सिनोमाला, आधीची केमो निष्फळ ठरल्यावर, आणि तिथेही रुग्ण निवडताना वाहिन्या मोजत नाहीत. आकडा अभ्यासाच्या तक्त्यात राहू द्या.