बिबट्याची कवटी: सुळे निखळतात, जबडा कुत्र्याचा वाटतो

निफाडकर: शाळेच्या प्रदर्शनासाठी 20 सेंमी लांबीची कवटी करतोय. आत ॲल्युमिनियम फॉइल, वर हवेत वाळणारी क्ले. गालाच्या कमानीला भेगा पडल्या, नंतर चिकटवलेले सुळे हात लागताच निघतात. बघणारा म्हणतो, कुत्रा आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे खरी कवटी समोर ठेवता येत नाही, फोटोंवरच काम चाललंय.

मातीकाम: दादा, दात आधी, जबडा नंतर. खऱ्या सुळ्याचा दिसतो त्याहून मोठा भाग हाडात रुतलेला असतो. तुम्हीही 3 सेंमी बाहेर आणि तेवढंच मूळ आत, किंचित मागे वळलेलं, असा अख्खा सुळा करा. त्यासाठी एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी घ्या. दोन्ही भाग समसमान, एकही रंगाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ राहिली तर तेवढी जागा मऊच राहते. हातमोजे हवेतच.

सुळा कडक झाला की जागेवर उभा करून हिरडीच्या कडेचा सेंटीमीटरभर पट्टाही पुट्टीनेच भरा. तिथे क्ले लावलीत तर ती वाळताना आकसते, दात मात्र आकसत नाही, मग दाताभोवती भेग पडणारच. कमानीचंही तेच कारण: आतलं फॉइल आकसत नाही. शिवाय पंख्याखाली वरचा थर लवकर वाळतो आणि आतला ओला राहतो. कमानीत जाड तार घाला, क्ले 4-5 मिमीच्या थरांनी चढवा, ओलसर फडक्याखाली सावकाश वाळवा. पडलेल्या भेगा त्याच क्लेच्या पातळ लगद्यात थोडं फेविकॉल मिसळून भरा. नाशिकच्या पावसात एकेका थराला दोन दिवसही लागतील, घाई करू नका.

हाडांचा_अभ्यासक: कुत्रा वाटतो तो मुख्यतः मुस्कटामुळे, म्हणजे नाक-तोंडाच्या पुढच्या भागामुळे. बिबट्याचं मुस्कट आखूड आणि रुंद करा, गालाच्या कमानी बाहेर फुगवा. कमान आणि कवटी यांच्यामध्ये बोट जाईल इतकी पोकळी ठेवा, चावण्याचा मोठा स्नायू तिथूनच जातो. डोळ्याच्या खोबणीमागे हाडाची पूर्ण कडी करू नका, ती उघडीच असते.

आणि दात मोजा! कुत्र्याला 42, बिबट्याला 30: वर 16, खाली 14. वरच्या सुळ्यामागे मोकळी जागा, मग अगदी छोटा दात, मग मोठे. त्यातला मागचा दात पात्यासारखा करा, दळणाऱ्या दाढेसारखा सपाट नको. तोंड मिटलं की खालचा सुळा वरच्याच्या पुढे बसतो. बहुतेक मॉडेल्स नेमकी इथेच चुकतात.

रंगकाम: हाड पांढरंशुभ्र रंगवू नका. फिकट पिवळसर ॲक्रिलिकवर पातळ तपकिरी हात फिरवा, लगेच पुसा, खाचांत राहील तेवढा राहू द्या. हाड मॅट ठेवा. चकचकीत वार्निश फक्त दाताच्या दिसणाऱ्या भागावर, आणि हिरडीच्या रेषेपाशी 2-3 मिमी पट्टा तपकिरी, बिनचमकेचा सोडा.