मदत हवी आहे : तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग. ‘नॅनो’ उपचार करून घ्यावा का?

ऋता_खारघर

नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे. दातांना तारा होत्या, त्या गेल्या महिन्यात निघाल्या. दात छान सरळ झाले, पण वरच्या पुढच्या चार दातांवर, ब्रॅकेट (तार अडकवायचे छोटे चौकोनी तुकडे) जिथे चिकटवले होते त्याच्या भोवती आणि हिरडीच्या बाजूला खडूसारखे पांढरे पट्टे राहिलेत. ब्रॅकेटखालचा चौकोन तेवढा स्वच्छ, त्यामुळे पट्टे जास्तच नजरेत भरतात. पोरगी फोटोत ओठ मिटून हसते.

तारा लावणारे डॉक्टर म्हणाले, ही किडीची सुरुवात आहे, खड्डा पडलेला नाही, घाबरू नका. मग वाशीच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. तिथे ‘नॅनो रिमिनरलायझेशन’चं पॅकेज सांगितलं, सिटिंग्ज आणि घरी लावायचं क्रीम. नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कणांनी एनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) पुन्हा तयार होतं म्हणे. आकडा पाच अंकी. त्यात नेमकं औषध कुठलं हे विचारलं, तर “इम्पोर्टेड आहे मॅडम” एवढंच उत्तर.

हे नॅनो कण खरंच दातात जाऊन बसतात का? पोटात गेले तर चालतात का? आणि डाग जातात का? सासूबाई मीठ-हळद चोळायला सांगताहेत, ती चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर.

बेलापूरचा_बंड्या

पाच अंकी देण्याआधी दुसरं मत घ्या. तुम्ही तर दंत महाविद्यालयांच्या गराड्यात राहता. खारघरलाच वाय. एम. टी., नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, कामोठ्याला एमजीएम. ओपीडीत केस पेपर काढा, शिकणारी मुलं तपासतात आणि वरचे सर-मॅडम येऊन बघतात. वेळ जातो, पण पॅकेज गळ्यात मारत नाहीत.

दाताड्या

ठाण्यात दातांचीच प्रॅक्टिस आहे, म्हणून जरा लांबण लावतो. प्रत्यक्ष न बघता निदान करत नाहीये, हे धरून चाला.

आधी डाग काय आहे ते. एनॅमलच्या वजनात ९५ टक्क्यांहून जास्त खनिजच असतं, हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. ब्रॅकेटच्या कडेला जो थर साचतो त्यातले जंतू साखरेपासून आम्ल करतात. दातापाशी पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं. गंमत अशी की वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहतो आणि पोखरलं जातं त्याच्या आतून. त्या बारीक छिद्रांमुळे उजेड विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो.

घरी एक करून बघा. ओठ वर धरून दात गॉझने नीट कोरडा करा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. ओला असताना न दिसणारा आणि कोरडा केल्यावरच उमटणारा डाग उथळ. ओल्या दातावरही ठळक दिसतो तो खोल गेलेला. पृष्ठभाग निस्तेज, खरखरीत असेल तर कीड अजून चालू आहे. गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ती थांबलेली आहे. टाचणी किंवा टूथपिकने टोकरून मात्र बघू नका. वरचा थर फुटला की खड्डा झालाच.

आता नॅनो. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपून जातात, त्यामुळे नवं एनॅमल कुठल्याही क्रीमने उगवत नाही. अर्धवट विरघळलेल्या स्फटिकांवर खनिज परत बसतं, इतकंच. ते काम लाळ रोज फुकटात करते. नॅनो-हायड्रॉक्सीॲपेटाइटचे कण बहुतेक १०० नॅनोमीटरच्या आत, म्हणजे एनॅमलच्या स्वतःच्या स्फटिकांच्या जाडीच्या आसपास. त्यामुळे ते दाताला चिकटतात, छिद्रांच्या तोंडाशी शिरतात आणि आम्ल आलं की स्वतः विरघळून कॅल्शियम-फॉस्फेट सोडतात. ही बनवाबनवी नाही. जपानच्या सान्गी कंपनीने अशी पेस्ट १९८० साली बाजारात आणली आणि १९९३ साली तिथल्या सरकारने कीड रोखणारा घटक म्हणून तिला मान्यता दिली. तेव्हा कोणी ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ म्हणालं तर मनातल्या मनात हसा.

पोटात गेलं तर जठरातल्या आम्लात विरघळतं. युरोपच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीने २०२३ मध्ये पेस्टमध्ये १० टक्क्यांपर्यंत सुरक्षित म्हटलं, अट अशी की कण सुईसारखे लांबट नसावेत.

परिणामाचं बोलायचं तर पुष्कळसे प्रयोग काढलेल्या किंवा गाईबैलांच्या दातांवर, प्रयोगशाळेत झालेत. माणसांवरचेही आहेत. पोलंडमध्ये मोठ्या माणसांवर दीड वर्ष चाललेल्या चाचणीत हायड्रॉक्सीॲपेटाइटची पेस्ट १४५० पीपीएम (दहा लाख भागांत १४५० भाग) फ्लोराइडच्या पेस्टपेक्षा कमी पडली नाही, असं २०२३ मध्ये छापून आलं. पण ते नवी कीड न लागण्याबद्दल होतं. शिवाय अशा बऱ्याच अभ्यासांत पैसा पेस्ट बनवणाऱ्यांचाच असतो, हे डोक्यात ठेवून वाचावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा वेगळा आहे. डाग वाढायचा थांबणं आणि डाग दिसायचा थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली साध्य होण्यासारखी आहे आणि स्वस्तात होते. दुसरीची हमी नॅनो पेस्ट देऊ शकत नाही, कारण खनिज आधी वरच्या थरात बसतं आणि आतला भाग सच्छिद्रच राहू शकतो. याच कारणासाठी पुढच्या दातांवर तारा काढल्या काढल्या कडक फ्लोराइड वार्निश, म्हणजे जास्त फ्लोराइडचा लेप, मारायला मी कचरतो. वर झाकण बसतं आणि आत पांढरं तसंच राहतं.

वणीहून_ठाण्यात

डॉक्टर, हे फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने पडणारे डाग, तर नाही ना? आमच्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागात बोअरच्या पाण्याने पोरांचे दात असेच पांढरे-पिवळे होतात. माझेही आहेत.

ऋता_खारघर

नाही हो, जन्मापासून इथलंच नळाचं पाणी. आणि तारा लावायच्या आधीच्या फोटोत दात स्वच्छ आहेत.

दाताड्या, खूप आभार. टॉर्च मारून बघितलं. दोन दातांवर ओलं असतानाही दिसतं, बाकी दोघांवर कोरडं केल्यावर. बोटाला खरखरीत लागत नाही. क्लिनिकला फोन करून क्रीमचं नाव मागितलं, बरीच टाळाटाळ करून शेवटी डब्याचा फोटो पाठवला. त्यावर ‘सीपीपी-एसीपी’ लिहिलंय. हायड्रॉक्सीॲपेटाइट कुठेच दिसत नाही. हे तेच का?

दाताड्या

नाही, हे वेगळं. हे दुधातल्या केसीन प्रथिनापासून करतात. प्रथिनाचे तुकडे कॅल्शियम-फॉस्फेटला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतात आणि दातापाशी सोडतात. मेलबर्न विद्यापीठातलं काम. त्याचे पुंजकेही नॅनो मापाचेच असल्यामुळे ‘नॅनो’ म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, हुशारी आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत, फ्लोराइड उपलब्ध असताना त्याच्या जागी हे वापरू नका, असंच सुचवलंय.

मुलीला दुधाची ॲलर्जी आहे का? दूध पचत नाही ते वेगळं. पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं असं काही?

ऋता_खारघर

अरे बापरे. लहानपणी दुधाने अंगावर गांध्या उठायच्या, ओठही सुजले होते. आता चहातलं चालतं, पनीर ती स्वतःहूनच खात नाही. क्लिनिकमध्ये हे कोणी विचारलंच नाही.

दाताड्या

मग ते क्रीम बाजूला. ॲलर्जीतज्ज्ञाने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. नॅनो-हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये केसीन नसतं, पण पेस्टच्या खोक्यावरचे सगळे घटक वाचून घ्या.

मी असतो तर सध्या पॅकेज घेतलं नसतं. तारा निघाल्यावर पहिल्या काही महिन्यांत लाळेनेच बरेच डाग फिके होतात. तोवर साधी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा तेवढीच आहे आणि आकडा ट्यूबवर छापलेला असतो. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. नॅनो पेस्ट हवी असेल तर एका वेळी ती, एका वेळी फ्लोराइडची, असं चालेल. रिटेनर (दात सरळ राहावेत म्हणून तारांनंतर घालायचा साचा) घालते ना? तो घालून गोड पेय प्यायचं नाही, आम्ल त्याच्या आत कोंडून राहतं. क्लासला जाता-येता आइस टी, लिंबू सोडा घोट-घोट पिण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. दर घोटाला पीएच पुन्हा खाली जातो.

सहाएक महिन्यांनी डाग दिसायला खुपत असतील तर रेझिन इन्फिल्ट्रेशनबद्दल विचारा. हायड्रोक्लोरिक आम्लाने वरचा थर उघडून पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा, नंतर घट्ट होणारा द्रव) आत मुरवतात. उजेड त्यातून जवळपास एनॅमलसारखाच वाकतो, म्हणून डाग लपतो. त्यात नॅनोचा काही संबंध नाही, खर्च आहे आणि केलेलं परत उलटवता येत नाही, म्हणून घाई नको. आजच पुढच्या दातांचे फोटो काढून ठेवा, एकाच खिडकीपाशी, एकदा ओले, एकदा कोरडे. नंतर तुलना करताना कोणाच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

बेलापूरचा_बंड्या

डॉक्टर, फी कुठे पाठवायची ते सांगा 😀

ऋता_खारघर

फोटो काढले. सोमवारी वाय. एम. टी.ला नेते, दुधाचं केस पेपरवर आधीच लिहायला सांगेन. तिथे अशा डागांसाठी कुठल्या विभागात जायचं, तारांच्या की फिलिंगच्या? कोणी गेलं असेल तर सांगा.

दाताड्या

तारांचा विभाग ऑर्थो, पण तुम्ही फिलिंगच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हच्या ओपीडीत जा. आधीचे तारांचे कागद आणि जुने फोटो बरोबर न्या.