अनुभव धागा: शिक्षण, वर्कस्टुडंटची (शिकताना करायची अर्धवेळ) नोकरी आणि सोबत तबला-पेटी. जर्मनीतला आठवडा कसा बसवता?

धागाकर्ती
ऑक्टोबरात मास्टर्सला येणारी बरीच मुलं सोबत वाद्य घेऊन येतात. मग दिवाळी पहाटेला दुसऱ्या शहरात साथ आणि सोमवारी सकाळी आठला लॅब. ज्यांनी हे गणित बसवलंय त्यांनी लिहा. आठवणी नकोत, त्यासाठी गप्पांचं पान आहे. आकडे, वस्तू, काय बिघडतं आणि का, एवढंच.

तासवही
आधी तासांचं बघू. 'वीस तास' हे दोन वेगळ्या नियमांतून येतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिला नियम व्हिसाचा. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम केलं तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो. ५२ गुणिले अडीच, १३०. म्हणजे १४० च्या आत. विद्यापीठातली हिवीची (विद्यार्थी-सहायकाची) नोकरी ह्यात मोजतच नाहीत.

दुसरा नियम विम्याचा. सत्रात वीसच्या वर गेलात की वर्कस्टुडंटची सवलत जाते आणि पगारातून आरोग्यविम्याचा हप्ता कापला जातो. वरचे तास संध्याकाळी, रात्री किंवा शनिवार-रविवारी असतील तर चालतं, पण वर्षात २६ आठवड्यांपुरतंच. सुट्टीत ही मर्यादा नाही.

आता अभ्यास. सत्राला ३० क्रेडिट, एका क्रेडिटला २५ ते ३० तास. म्हणजे ७५० ते ९००. सुट्टी धरून २३ आठवड्यांत वाटलं तरी आठवड्याला ३३ ते ३९ तास होतात. त्यात नोकरीचे वीस मिळवा आणि मग रियाज कुठे बसतो ते सांगा. माझं मत: करार सोळा तासांचा करा, सलग दोन दिवस, मंगळवार-बुधवार. शुक्रवार मोकळा हवा, कारण प्रवास शुक्रवारी दुपारी सुरू होतो.

पंचांगवाला
तासवहीताईंच्या हिशोबाला जोड. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात, गुढीपाडवा मार्च-एप्रिलात. दोन्ही बहुतेक सुट्टीत पडतात, कारण व्याख्यानं साधारण मध्य ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध आणि मध्य एप्रिल ते मध्य जुलै चालतात. पण काही विद्यापीठं परीक्षा नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात ठेवतात. मंडळाला हो म्हणण्याआधी परीक्षेच्या नोंदणीचं पान बघा. दिवाळी मात्र ऐन सत्रात येते, तिला पर्याय नाही.

पावतीबुक
मानधनाचा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. विद्यार्थी परवान्यावर नोकरी चालते, स्वतंत्र व्यवसाय आपोआप चालत नाही. कार्यक्रमाचं 'होनोरार', म्हणजे मानधन, हे व्यवसायाचं उत्पन्न, त्याला आउसलेंडरबेहोर्डेची (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची) वेगळी परवानगी लागते. परवान्यासोबत हिरवट घडीचा कागद मिळतो, त्यावरची ओळ वाचा. परवानगी नसेल तर मंडळाकडून फक्त झालेला प्रवासखर्च घ्यावा, तिकिटाची प्रत जोडून. 'पाकिटात देऊ' म्हणणारे भले असतात, पण अडकणार तुम्ही.

काळी_एक
तबल्याचं बोलतो. विमानात दायाँ (उजव्या हाताचा) केबिनमध्ये, डग्गा (डाव्या हाताचा) चेक-इनमध्ये. कारण साधं आहे: बहुतेक कंपन्यांची केबिन बॅगेची खोली २० ते २५ सेंमी. दायाँ तळाशी १८-२० सेंमीचा, बसतो. डग्ग्याचं पोट त्याहून मोठं. शिसवीचा दायाँ चार-पाच किलो भरतो, त्यामुळे आठ किलोच्या मर्यादेत लॅपटॉपसुद्धा राहतो. हातोडी चेक-इनमध्येच. सुरक्षा तपासणीत ती अवजार म्हणून काढून घेतात आणि मग मुक्कामी पोचल्यावर गठ्ठे (चामडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकायला हातात काही नसतं.

निघण्याआधी गठ्ठे खालून वर ठोकून तबला अर्धा सूर उतरवा. डग्ग्याच्या पुडीवर (वरच्या कातड्यावर) जाड पुठ्ठ्याची चकती, त्यावर चुंबळ, मग कपडे.

खरा शत्रू हिवाळ्यातली हायत्सुंग, म्हणजे खोली तापवणारी हीटिंग. बाहेर उणे, आत बावीस अंश, हवेतली आर्द्रता तिशीच्या आसपास किंवा त्याखाली. कातडं आवळतं, तबला आपोआप चढतो आणि आठवडाभर तसाच ठेवला तर चाटेपाशी (पुडीच्या काठाला) फाटतो. पुण्यात पावसाळ्यात तो उतरायचा, इथे नेमकं उलटं. वाजवून झालं की गजऱ्याला (पुडीभोवतीच्या विणलेल्या कडेला) खालून हलके ठोके देऊन थोडा उतरवून ठेवायचा. रेडिएटरपासून दीड-दोन मीटर लांब. दहा-बारा युरोचं आर्द्रतामापक घ्या, ४५ ते ५५ टक्के दिसलं पाहिजे.

आणि दोन तबले वाहू नका. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुराचा, एकच दायाँ पुरतो. गायक काळी एकचा असेल तर षड्जात (सा) लावा. गायिका काळी चारची असेल तर तिचा मध्यम (म) म्हणजेच काळी एक, तोच तबला मध्यमात. फक्त तिने भूप राग धरला तर हा डाव फसतो, भूपात मध्यमच नाही. म्हणून शुक्रवारच्या आधी राग विचारून घ्या.

भाता
काळी_एक, तुमचे टक्के तबल्याला बरोबर. पेटीला पण तेच, फक्त बिघाड वेगळा दिसतो. कोरड्या हवेत आतली फळी आकसते, फट पडते आणि हवा गळते. ओळखायचं कसं: एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात काढा. भाता लगेच बसला तर गळती आहे.

एखादा सूर प्रवासानंतर मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली (सुराच्या पितळी पातीखाली) कण अडकलेला असतो. फळी उघडा, कोऱ्या कागदाची पट्टी जिभेखालून एकदाच ओढा. तोंडाने फुंकर मारू नका, बाष्प जातं. सुरीच्या टोकाने खरवडलात तर सूर कायमचा बदलतो.

वजन: स्केलचेंजर (सूर सरकवता येणारी) पेटी खोक्यासकट पंधरा किलोच्या पुढे जाते. फलाट बदलायला चार मिनिटं असतात आणि लिफ्ट बंद असते. साथीला घडीची पेटी बरी. नादात कमी पडते, मान्य, पण पोचते.

फलाट_सहा
डॉइचलँडटिकेट (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) मे २०२३ ला ४९ युरोचं होतं, जानेवारी २०२५ पासून ५८, जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यापीठाचं सत्र-तिकीट ह्याच योजनेतलं असेल तर वेगळं काढू नका. आयसीई, आयसी ह्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांमध्ये चालत नाही.

आखेन ते फ्रांकफुर्ट लोकल गाड्यांनी साधारण पाच तास, दोन-तीन बदल. थेट आयसीईने दोनच्या आत-बाहेर. माझी शिफारस मधली: कोल्नपर्यंत ह्याच पासावर फुकटात, पुढे आयसीईचं श्पारप्राइस (सवलतीचं तिकीट). धोका हा की ही दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे करार. पहिली गाडी उशिरा आली तर दुसऱ्या तिकिटावर हक्क सांगता येईलच असं नाही. कोल्नला किमान ४५ मिनिटं राखा.

एकाच तिकिटावर मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं, नंतरच्या कोणत्याही गाडीने जाता येतं. तासाचा उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के परत, दोन तासांना ५०. ॲपमधला उशिराचा फोटो तिथेच काढून ठेवा.

नेदरलँड्सला, म्हणजे रॉटरडॅमच्या बाजूला, जाणाऱ्यांसाठी: तिथे कार्ड टेकवून आत-बाहेर करतात. वाटेत रेल्वे कंपनी बदलली तर जुन्या कंपनीच्या खांबावर चेक-आउट, नव्या कंपनीच्या खांबावर चेक-इन. विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात.

तारवाला
सतारीचं थोडक्यात. फायबरचं खोकं, तारा दोन-तीन सूर ढिल्या, भोपळ्याभोवती मऊ टॉवेल. शिसम डाल्बर्जिया जातीचं, त्यामुळे २०१७ ते २०१९ कागदांची कटकट होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. जुन्या वाद्यात हस्तिदंत असेल तर मात्र ते वाद्य घरीच.

डबेवाली
रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी सकाळीच बाजार. परतीच्या गाडीसाठी दहीभात: एक वाटी तांदूळ, अडीच वाटी पाणी, मऊ शिजवायचा. कोमट झाला की पाऊण वाटी दूध आणि फक्त दोन चमचे दही. पाच-सहा तासांत तो डब्यातच लागतो. आधीच भरपूर दही घातलंत तर कोल्न येईपर्यंत आंबट.

धागाकर्ती
@काळी_एक, वसतिगृहात रात्री रियाज?

काळी_एक
रात्री दहा ते सहा नाही, रविवारी दिवसभर नाही. खाली राहणाऱ्याला त्रास दायाँचा नसतो, डग्ग्याचा असतो, दणका जमिनीतून जातो. वॉशिंग मशीनखाली घालतात ती दोन सेंमीची रबरी चटई चुंबळीखाली घाला. आणि थंडीत बाहेरून आलात की बॅग लगेच उघडू नका. अर्धा-पाऊण तास तशीच बंद ठेवा, नाहीतर गार तांब्यावर खोलीतलं बाष्प धरतं आणि ते पुडीच्या कडेने आत मुरतं.