बाथरूममागच्या भिंतीला ओल, प्लंबर म्हणतो सगळं फोडा. खरंच फोडावं लागतं का?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत टू बीएचके आहे, बिल्डिंग १४ वर्षं जुनी, कन्सिल्ड प्लंबिंग म्हणजे पाइप भिंतीच्या आत. दिवाळीनंतर पॅसेजच्या भिंतीवर स्कर्टिंगच्या वर वीतभर रंग फुगला, पलीकडे कॉमन बाथरूम आहे. बोट लावलं की पोपडा हातात येतो आणि आत पांढरं पिठासारखं काहीतरी. आम्ही म्हटलं पावसाळ्यातली राहिलेली ओल असेल, वाळेल उन्हाळ्यात. आता फेब्रुवारी चालू झाला, ओल वाळायच्या ऐवजी गुडघ्यापर्यंत चढली आणि गेल्या आठवड्यापासून खालच्या काकूंच्या बाथरूममध्ये छतातून ठिबकायला लागलंय. काकू चांगल्या आहेत म्हणून अजून भांडण नाही पण रोज लिफ्टमध्ये भेटल्या की "काही केलंत का हो" असतंच.

एक प्लंबर आला, भिंतीवर दोन टकटक केल्या आणि म्हणाला वॉटरप्रूफिंग गेलं, पूर्ण बाथरूम फोडायला लागेल, ७५ हजार. दुसरा आला तो म्हणाला टाइल्सच्या सांध्यात एपॉक्सी (पाणी न झिरपणारा भराव) भरतो, ८ हजारात काम. दोघांनी पाच मिनिटंसुद्धा काही तपासलं नाही. घरात आईचं वय ७८, दुसरं बाथरूम बेडरूममधून आहे त्यामुळे महिनाभर तोडफोड झेपणार नाही. फोडायच्या आधी गळती नक्की कुठे आहे ते कळायला काही मार्ग आहे का? कोणी केलंय का हे?

ओलीचा_अनुभवी:
दादा, आमच्याकडे ठाण्याला दोन वर्षं हेच चाललं होतं, एकदा फोडून झालं आणि चुकीचं फोडलं, म्हणून कळकळीने लिहितोय. आधी एवढंच ठरवा की हे पाणी कुठलं. घरात पाणी तीनच प्रकारचं, एक नळाचं म्हणजे टाकीवरून येणारं, ते पाइपात चोवीस तास दाबाखाली असतं. दुसरं सांडपाणी, ते तुम्ही आंघोळ केली बादली ओतली तरच येतं. आणि तिसरं पावसाचं. पाऊस तुमचा ऑक्टोबरातच संपला आणि ओल त्यानंतर वाढली म्हणजे तिसरं सोडून द्या.

आता पहिल्या दोघांत फरक करायचा. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा, बायको ओरडेल पण मारा. काकूंना सांगून ठिबकतं तिथे खाली भांडं लावा आणि पाणी मोजा, नुसतं "जास्त गळतंय कमी गळतंय" यावर जाऊ नका. एक दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका पण पाणी चालू ठेवा. तरी भांडं भरत राहिलं तर दाबाची लाइन. दुसऱ्या रात्री बाथरूमच्या वरच्या पोटमाळ्यावर त्याचा व्हॉल्व्ह असतो तो बंद करा आणि परत मोजा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर थांबलं म्हणजे टाइल्सचा आणि वॉटरप्रूफिंगचा काही संबंध नाही, ७५ हजार वाचले.

पाना_आणि_पकड:
वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलंय पण एक गोष्ट राहिली. मी २० वर्षं हेच काम करतो, सोलापूरकडचा आहे, आता पनवेल. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, संकन म्हणतो आम्ही, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला. तो कोबा स्पंजसारखा पाणी धरतो. वरून पाणी बंद केलं तरी खाली आठ दहा तास, कधी दोन दिवस ठिबकत राहतं. माणसं तासभर व्हॉल्व्ह बंद करतात, बघतात अजून गळतंय, आणि म्हणतात लाइन ठीक आहे, मग फोडा. निदान दोन रात्री बघायचं. व्हॉल्व्ह जुना असेल तर पूर्ण बंद होत नाही हे पण बघा, बंद केल्यावर बाथरूमचा नळ उघडून ठेवा, धार पूर्ण थांबली पाहिजे, बारीक करंगळीएवढी पण नको.

दाबाच्या लाइनवर आलं तर पुढे गरम का थंड ते काढायचं. गिझरचं बटण बंद करून मगच गिझरच्या थंड इनलेटचा अँगल कॉक, म्हणजे थंड पाणी आत जातं तिथला छोटा कॉक, बंद करायचा, बटण आधी, विसरू नका. म्हणजे गरम लाइनला दाब मिळत नाही. त्याने गळती थांबली तर गरम लाइन. मी सांगतो दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये डायव्हर्टर म्हणजे गरम थंड पाणी मिसळून नळाला नाहीतर शॉवरला देणारा कॉक, त्याच्या मागे जो ब्रासचा एल्बो (वाकडा जोड) असतो तिथंच असतं. सीपीव्हीसी प्लास्टिक आणि आत पितळेचे आटे, फिटिंग करताना पोरगं ताकद लावून आवळतं, तेव्हा काही दिसत नाही, गरम गार होऊन होऊन दहा वर्षांनी केसाएवढी चीर पडते. जुन्या बिल्डिंगीत जीआय म्हणजे लोखंडी पाइप असेल तर गोष्ट वेगळी, तो गंजून कुठं पण फुटतो, तिथं एक जागा दुरुस्त करून उपयोग नाही.

खात्री करायची तर सगळे नळ काढून तोंडाला डमी म्हणजे बुचं मारायची, हाताचा टेस्ट पंप लावून प्रेशर द्यायचं आणि गेजचा काटा बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे, नाही उतरला तर लाइन पास. अर्ध्या दिवसाचं काम. जो प्लंबर हे करायला तयार नाही त्याला फोडायला देऊ नका. आणि तो ८ हजार एपॉक्सीवाला, पाइप गळत असेल तर वरून सांधे भरून काय होणार, पाणी दुसरीकडून वाट काढेल.

मीनाक्षी_ना:
आमची केस सांडपाण्याची निघाली होती म्हणून ती पण सांगते. व्हॉल्व्ह बंद करून काही फरक पडला नाही तर हे करा. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात, पिशवीत फडकं गुंडाळून घट्ट बोळा बसवा आणि फरशीवर इंचभर पाणी भरून एक दिवस ठेवा, उंबरठ्याच्या वर जाऊ देऊ नका. खाली गळलं तर फरशी नाहीतर कोपऱ्याचे सांधे. नाही गळलं तर बोळा काढून पाच सहा बादल्या थेट जाळीतच ओता, तेव्हा गळलं तर ट्रॅपचा जॉइंट. आमचा तोच होता, ट्रॅपभोवतीच्या चार टाइल्स काढून झालं. पाण्यात रंग घालतात ओळखायला, पण खाण्याचा घाला. आमच्या ह्यांनी उरलेला होळीचा रंग घातला, गळती सापडली आणि खालच्यांचं छत गुलाबी झालं, ते आम्ही आमच्या खर्चाने रंगवून दिलं.

कोल्हापुरी_बंगला:
बऱ्याच फ्लॅटवाल्यांना स्वतंत्र मीटर नसतं म्हणून एवढे उपद्व्याप. आमचं स्वतंत्र घर आहे, रात्री सगळे नळ बंद, टाक्यांची तोंडं बंद, आणि मीटरवरचं बारकं चाक बघायचं. फिरतंय म्हणजे मीटरपासून घरापर्यंत कुठंतरी चाललंय पाणी. आमच्याकडं ते पेरूच्या झाडाखाली निघालं, दोन वर्षं सगळी म्हणायची काय झाड धरलंय यंदा! लांब लोखंडी सळईचं एक टोक जमिनीत आणि एक कानाला लावून ऐकलं, रात्री दोन वाजता सुंऽऽ असा आवाज येत होता.

गच्चीवरचा:
थर्मल कॅमेरावाला बोलवायचा विचार असेल तर माझे साडेतीन हजार गेलेत ते ऐका. भिंतीचे निळे जांभळे फोटो काढले, छान पीडीएफ दिली, आणि निष्कर्ष काय तर "येथे ओल आहे". अहो ओल आहे ते मला दिसतंयच की डोळ्याने. कॅमेरा पाणी बघत नाही, तापमान बघतो, ओला भाग थंड म्हणून निळा. गळती कुठे ते नाही सांगत. फक्त गरम लाइनची गळती असेल आणि गिझर चालू ठेवून बघितलं तर उपयोग होतो, तेव्हा भिंतीत गरम डाग पसरताना दिसतो.

सोसायटीचा_सेक्रेटरी:
खर्चाचं कोणी विचारलं नाही पण विचारणार म्हणून सांगून ठेवतो. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरची कॉमन पाइपलाइन, ड्रेनेज लाइन यातून गळत असेल तर सोसायटी. घरातल्या बाथरूम, सिंकमधून असेल तर ज्याचं घर त्याचा खर्च, म्हणजे तुमचा. रेरा म्हणजे घरबांधणीच्या कायद्यामध्ये बिल्डरची दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं असते, तुमची १४ वर्षांची बिल्डिंग, ते दार बंद. तरी शाफ्टमधला (पाइपांच्या उभ्या पोकळीतला) डाऊनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप, एकदा बघून घ्या, तिथे जॉइंट सुटलेला असेल तर तुम्ही उगाच स्वतःचं बाथरूम फोडाल.

तिसरा_मजला:
सगळ्यांचे आभार, सांगितलं तसं केलं, आज अकरावा दिवस. काकूंनी स्वतःच लोणच्याची रिकामी बरणी लावली आणि वहीत नोंद ठेवली, माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त उत्साह. बाथरूम एक दिवस बंद ठेवलं, पाणी चालू, रात्री ११ ते सकाळी ६ साधारण सव्वा लिटर. म्हणजे दाबाची लाइन. पुढच्या रात्री व्हॉल्व्ह बंद, तरी पाव लिटर जमलं, आणि पानावाले दादा तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिथेच हार मानली असती. त्याच्या पुढच्या रात्री बरणी कोरडी. मग व्हॉल्व्ह उघडून फक्त गिझरचा इनलेट बंद ठेवला, दोन रात्री कोरडी. गरम लाइन!

तिसरा प्लंबर शोधला, टेस्ट पंपवाला. डमी मारून प्रेशर दिलं, थंड लाइनचा काटा हलला नाही, गरमचा दहा मिनिटांत निम्म्यावर. डायव्हर्टरच्या खालच्या दोन टाइल्स काढल्या आणि एल्बोच्या मानेवर चीर, टॉर्च मारून तिरकं बघितलं तरच दिसत होती, त्यातून घामासारखे थेंब. एल्बो बदलला, जोड एक दिवस तसाच सुकू दिला, परत प्रेशर देऊन तासभर बघितलं आणि मगच भिंत बुजवली. सगळे मिळून ५२०० रुपये. टाइल्स मात्र जुन्या डिझाइनच्या आता मिळत नाहीत त्यामुळे निळ्या बाथरूममध्ये दोन टाइल्स पांढऱ्या आहेत. आई म्हणते ठिगळ लावल्यासारखं दिसतंय.

काकूंकडे बंद आहे. पण पॅसेजची ओल अजून पेन्सिलच्या रेघेपर्यंत आहेच, खाली सरकत नाहीये. दुसरी गळती तर नसेल? आणि पाडव्याच्या आधी नवा रंग देता येईल का?

पाना_आणि_पकड:
रेघेच्या वर गेली नाही ना, मग गळती नाही. कोब्यात साठलेलं पाणी भिंत पिऊन टाकतीये, महिना दीड महिना लागतो. रंगाची घाई नको, पाडव्याला तर नकोच. फुगलेला रंग आणि पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडून काढा आणि भिंत उघडी ठेवा, पंखा लावा पाहिजे तर. पांढरं येतंय तो खार आहे, कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका नाहीतर परत आत जातो. भिंतीला रात्री प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवा, दोन दिवसांनी आतून दव नसेल तर पुट्टी मारा. काकूंचं छत पण तेव्हाच, दोन्ही एकाच पेंटरला द्या, स्वस्तात करेल.

तिसरा_मजला:
प्लॅस्टिक लावलं. काकू विचारतायत बरणी परत देऊ का अजून ठेवू. ठेवा म्हटलं.