गॅस्ट्रिक बायपासनंतर आमरस बाधतो, पोळी अडकते: हे सारे एकच आहे का?

प्रश्न : आंबेमोहर

नमस्कार. सात महिन्यांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती) शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून वजन ३१ किलोने उतरले आहे. शस्त्रक्रियेआधी 'थोडे थोडे खा, गोड टाळा' एवढे बजावले होते; परंतु अन्न असे अंगावर उलटेल याची मला कल्पना नव्हती. गेल्या रविवारी भाच्याच्या वाढदिवसाला अर्धी वाटी आमरस घेतला आणि पंधरा-वीस मिनिटांतच छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा आणि पाठोपाठ जुलाब सुरू झाले. त्यानंतर तासभर मी आडवी पडून होते. पाडव्याला श्रीखंडाने नेमके हेच केले होते. सासूबाईंनी तर मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्टही काढली.

याखेरीज पोळीचा लहानसा तुकडाही छातीत अडकतो, मात्र आमटीत कुस्करलेली भाकरी सहज उतरते. दूध प्यायले की पोट गुबारते. चहाला गंजल्यासारखी चव लागते आणि लसणाच्या फोडणीच्या वासानेच मळमळते. परवा एक निराळाच प्रकार घडला. सकाळी अकराला उपवासाची साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दुपारी एकच्या सुमारास हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी असलेल्या यंत्रावर साखर ५२ दिसली. हे सारे एकाच दुखण्याचे भाग आहेत का, आणि तीन आठवड्यांनी ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर १ : सावकाश घास

माझ्या बायपासला चार वर्षे झाली. आमरसानंतर तुम्हाला जे झाले त्याला डंपिंग म्हणतात. मूळ जठराच्या खालच्या तोंडाशी अन्न जरा जरा करून पुढे सोडणारी झडप असते; बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे त्या झडपेची वाटच चुकते. साखरेचा दाट रस एकदम आतड्यात उतरला की तो रक्तातले पाणी आतड्यात ओढून घेतो, आतड्यातून काही संप्रेरकेही सुटतात, आणि मग धडधड, घाम, जुलाब हा सगळा खेळ अर्ध्या तासाच्या आत सुरू होतो. आमरसात वरून साखर घातली नसली तरी फारसा फरक पडत नाही, कारण पातळ गोड पदार्थ पिशवीत थांबतच नाही. मी आता आंब्याच्या दोनच फोडी खातो, त्याही आधी पनीर किंवा घट्ट वरण पोटात गेल्यावर, आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पीत नाही. खरे सांगायचे तर डंपिंगला मी राखणदारच मानतो. ते नसते तर मी जिलेबीच्या ताटापुढून उठलोच नसतो.

उत्तर २ : मेतकूट भात (आहारतज्ज्ञ)

वरील स्पष्टीकरण बरोबर असले तरी राखणदाराची उपमा मला पटत नाही, कारण अनेकांना डंपिंगचा त्रास मुळीच होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांतले काही जण भीतीपोटी पुरेसे खाणेच सोडून देतात.

खिचडीचा प्रकार मात्र वेगळा समजा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बायपासनंतर त्याची साखर झपाट्याने रक्तात जाते, शरीर तिला उत्तर म्हणून गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडते आणि एक ते तीन तासांनी साखर घसरते. ५२ हा आकडा तीन आठवडे थांबण्याजोगा नाही; शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आजच फोन करावा. असे पुन्हा झाल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, आणि ती सावरल्यावर थोडे प्रथिनयुक्त खावे. नुसते गोड खात राहिलात तर तेच चक्र पुन्हा फिरते. त्या अवस्थेत वाहन चालवू नये. तुमच्याकडे साखर मोजण्याचे यंत्र आहे, म्हणून विचारते: मधुमेहाची एखादी गोळी अजून चालू आहे का?

पोळी अडकणे हे डंपिंग नव्हे. गव्हाच्या कणकेला चिवटपणा असतो, नीट न चावलेल्या घासाचा लगदा होतो आणि तो पिशवी आणि आतडे यांच्या जोडाच्या अरुंद तोंडाशी बसतो. भाकरीला हा चिवटपणा नसतो, शिवाय तुम्ही ती कुस्करून खाता. पण पातळ अन्नही अडकू लागले तर जोड आकसला आहे का हे दुर्बिणीने पाहावे लागते. वारंवार उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व लवकर संपते, म्हणून पाय बधिर होणे, तोल जाणे किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर तातडीने रुग्णालय गाठावे. दुधातली साखर या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना पचेनाशी होते. त्यांना बहुधा ताजे ताक किंवा दही चालते.

उत्तर ३ : कोकमसार

माझी शस्त्रक्रिया स्लीव्हची, म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकण्याची. तरीही चव बदलण्याचा अनुभव तोच. माझ्या लेखी चहा पाच महिने मेला होता आणि एके सकाळी आपोआप जिवंत झाला. तोवर मी फोडणी झाकण ठेवून करत असे आणि जेवण कोमट झाल्यावरच खात असे, कारण गरम अन्नाचा वास जास्त चढतो. तरी लोह, जस्त आणि बी-१२ यांची रक्ततपासणी करून घ्या, कारण यांच्या कमतरतेनेही चव बिघडते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. आणि समारंभातल्या आग्रहाचे म्हणाल, तर ताटात आधीच सगळे थोडे थोडे वाढून घ्यावे. रिकामी वाटी दिसली की वाढपी सोडत नाहीत.

आंबेमोहर

आपणा सर्वांची आभारी आहे. मेतकूट भात यांच्या प्रश्नाने मी चपापलेच. शस्त्रक्रियेनंतर बंद केलेली ग्लिमेपिराइडची गोळी मी दोन महिन्यांपूर्वी जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणली होती आणि 'साखर वाढायला नको' म्हणून रोज घेत होते. फोनवर हे सांगताच डॉक्टरांनी ती तत्काळ थांबवायला सांगितली, रोज चार वेळा साखर मोजून लिहून ठेवायला सांगितले आणि उद्या सकाळीच बोलावले आहे. पोळीबद्दल विचारले असता एक घास किती वेळा चावता, असा प्रश्न आला. मी कधी मोजलेच नव्हते. आज मोजले, तर सहा.