फरश्या किती घ्यायच्या: ओळी मोजून पाहा

‘क्षेत्रफळ काढा आणि १० टक्के वाढवा’ हा फरश्यांसाठी नेहमी सांगितला जाणारा हिशोब अंदाजापुरता ठीक आहे, पण तेवढ्यावर ऑर्डर देऊ नका. समजा तुमची खोली ११ × ९.५ फूट आहे, म्हणजे १०४.५ चौ. फूट. ज्याला आपण ‘दोन बाय दोन’ म्हणतो ती टाइल बहुधा ६०० मिमीची असते, म्हणजे चार नव्हे, जेमतेम ३.८७ चौ. फूट. १० टक्के धरून ३० टाइल्स येतात.

आता ओळी मोजा. ११ फुटांत पाच अख्ख्या टाइल्स बसतात आणि सुमारे ३५ सेंमी उरतात. हा तुकडा अर्ध्याहून मोठा, त्यामुळे एका टाइलमधून दोन निघत नाहीत. दुसऱ्या बाजूला चार अख्ख्या आणि एक कापलेली. सहा गुणिले पाच, ३० टाइल्स नुसत्या बसवायलाच लागतात! तुटफुटीला एकही उरली नाही.

शिवाय स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) त्याच टाइलचं करणार असाल तर चार इंची पट्ट्यांसाठी चार टाइल्स आणखी. चारचा बॉक्स असेल तर नऊ बॉक्स घ्या, दोन टाइल्स जपून ठेवायला राहतील. तिरकी मांडणी असेल तर १५ टक्के तरी धरा.

आणि कृपया सगळे बॉक्स एकाच वेळी, एकाच बॅचचे (एकाच खेपेत बनवलेले) घ्या. नंतर आणलेल्या टाइलची छटा वेगळी दिसू शकते.